हत्यार, हात आणि नाव: जुन्या व्यवसाय-छायाचित्रांचे वाचन

१

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातील रस्ते, बाजार आणि तेथे पोट भरणारी माणसे यांची जी छायाचित्रे निघाली, ती गेल्या काही दशकांत पुन्हा लोकांसमोर आली आहेत. ग्रंथांतून, प्रदर्शनांतून, दिनदर्शिकांच्या पानांवरून पाठीवर मसक घेतलेला भिस्ती, विस्तवापुढे बसलेला सोनार, धोकटी उघडून बसलेला न्हावी, डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण हे सारे आता परिचयाचे झाले आहेत. मात्र हा परिचय बहुधा एकाच जातीचा असतो. गेलेल्या दिवसांची आठवण म्हणून चित्र पाहिले जाते, पाहणारा क्षणभर हळवा होतो आणि पान उलटतो. चित्रातल्या माणसाच्या हातात नेमके काय आहे, ते त्याने कसे धरले आहे, त्या वस्तूला तो काय म्हणत असेल आणि तिने तो काय करीत असेल, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात.

हे प्रश्न केवळ वस्तुसंग्रहालयाच्या नोंदवहीसाठी नाहीत. ज्या माणसाचे नाव चित्राखाली छापलेले नाही, ज्याच्या जातीचे नाव मात्र ठळक अक्षरांत छापलेले आहे, त्या माणसाविषयी खात्रीने कळू शकेल असे चित्रात फारच थोडे उरलेले असते. त्या थोड्यातले सर्वांत बोलके म्हणजे त्याचे हत्यार. ते ओळखता आले तर त्याचे ज्ञान, त्याचे कौशल्य आणि त्याचे बंधन या तिन्हींपर्यंत पोचण्याची वाट सापडते. ते ओळखता आले नाही तर मथळा जे सांगेल तेवढेच खरे मानावे लागते.

मुंबईच्या बाबतीत ही वाट शोधण्याची एक चांगली सोय इतिहासानेच करून ठेवली आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. युरोपियन हौशी मंडळींबरोबर काही एतद्देशीय गृहस्थही तीत होते. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्यांतले एक. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांचा छायाचित्रांचा अल्बम १८५६ ते १८५८ या काळात भागाभागांनी निघाला, आणि पश्चिम हिंदुस्थानातील पोशाख आणि माणसे हा त्यातील एक प्रमुख विषय होता. त्याच सुमारास, १८५७ साली, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती मुंबईत छापली गेली. पुढे १८६३ साली जॉन्सनच्या मुंबईतील जातीजमातींवरील ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला, आणि मूळचे मडगावचे गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ हेही त्याच वर्षी बाहेर पडले.

एकाच शहराच्या, जवळजवळ एकाच दशकाच्या या तीन नोंदी आहेत. अल्बममध्ये माणूस दिसतो, पण त्याच्या वस्तूचे नाव नसते. कोशात नाव असते, पण हात नसतो. माडगांवकरांच्या गद्यात शहराची गर्दी, बाजार, पाण्याची टंचाई आणि निरनिराळे धंदे असतात, पण त्यातला एखादा माणूस थांबून वाचकाकडे पाहत नाही. एकमेकींपासून दूर पडलेल्या या नोंदी शेजारी ठेवून वाचल्या, तरच त्या काळातील श्रमिक माणूस पुरता उभा राहतो. जुन्या व्यवसाय-छायाचित्रांचे वाचन हे म्हणूनच चित्रकलेच्या अभ्यासकाइतकेच भाषेच्या अभ्यासकाचेही काम आहे.

२

या वाचनात पहिला अडसर येतो तो छायाचित्रणाच्या तंत्राचा. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ साली प्रसिद्ध केलेली ओल्या काचेची पद्धत या काळात रूढ झाली होती. काचेवर रासायनिक थर चढवायचा, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि लगेच धुऊन घ्यायची, असा हा खटाटोप होता. प्रकाश घेण्यास काही सेकंद तरी लागत. तेवढ्या वेळात जे हलेल ते पुसट होई. चालणारी माणसे, फिरणारे चाक, खाली येणारा हातोडा यांतले काहीच काचेवर नीट उतरत नसे. तेव्हा चित्रात काम करीत असलेला कारागीर प्रत्यक्षात काम करीत नाही. काम करीत असल्यासारखा तो स्थिर बसला आहे. त्याचा हातोडा ऐरणीवर टेकलेला आहे किंवा हवेत अडकून राहिला आहे.

दुसरी गोष्ट अशी की ज्याला रस्ता म्हणावे तो पुष्कळदा रस्ता नसतोच. जॉन्सनच्या १८६३ च्या ग्रंथात अनेक ठिकाणी माणसांची चित्रे वेगळी काढून ती बाहेरच्या देखाव्यावर जोडलेली आहेत. पाहणाऱ्याला वाटते की हे लोक एखाद्या देवळापुढे किंवा तळ्याकाठी उभे आहेत. वस्तुतः ते छायाचित्रकाराच्या पडद्यापुढे उभे होते. या जोडकामात सावल्या कधी जुळतात, कधी जुळत नाहीत. पायांखालची जमीन आणि पाठीमागची जमीन वेगळी असल्याची शंका बारकाईने पाहिल्यास येते. अशा चित्रात परिसराविषयी जे दिसते त्यावर विसंबणे धोक्याचे. हातातील वस्तूवर त्यापेक्षा अधिक विसंबता येते, कारण ती माणसाबरोबर पडद्यापुढे आलेली असते. अर्थात ती त्याचीच होती की मांडणीसाठी त्याच्या हाती दिली होती, हा प्रश्न तेथेही शिल्लक राहतोच.

तिसरी गोष्ट परंपरेची. छायाचित्र येण्यापूर्वीच कारागिरांची चित्रे काढण्याची एक चाकोरी पडलेली होती. फ्रान्स्वा बाल्थझार सोल्विन्स या फ्लेमिश चित्रकाराने कलकत्त्यात १७९९ साली बंगालमधील लोकांच्या आणि धंद्यांच्या कोरीव चित्रांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला होता. कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांसाठी देशी चित्रकार अभ्रकावर आणि कागदावर ‘अमुक जात, अमुक धंदा’ अशा मालिका रंगवीत. छायाचित्रकाराने ही चाकोरी उचलली. मूर्तीच्या हातातील शंख-चक्रावरून देव ओळखावा, तसे हातातील वस्तूवरून जात ओळखायची, असा या मांडणीचा संकेत होता. हत्यार हे येथे काम करण्याचे साधन राहत नाही, ते आयुधासारखे ओळखीचे चिन्ह होते. जॉन फोर्ब्ज वॉटसन आणि जॉन विल्यम के यांनी १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत प्रसिद्ध केलेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या ग्रंथात चारशेहून अधिक छायाचित्रे आहेत. त्यांच्याबरोबरच्या मजकुरात जातींच्या स्वभावाविषयी ठाम विधाने आहेत. माणूस तेथे नमुना म्हणून आलेला आहे.

याच काळातील लंडनचे एक उदाहरण तुलनेसाठी घेता येईल. जॉन टॉमसन आणि ॲडॉल्फ स्मिथ यांनी १८७७–७८ मध्ये लंडनच्या रस्त्यांवरील श्रमिकांची छायाचित्रे लेखांसह प्रसिद्ध केली. त्या चित्रांतही मांडणी आहे, आणि तेथेही वरच्या वर्गाने खालच्या वर्गाकडे पाहणे आहे. तथापि त्या लेखांत माणसे बोलतात. त्यांची मिळकत, त्यांच्या अडचणी, त्यांची गाऱ्हाणी वाचकापर्यंत येतात. हिंदुस्थानातील अल्बमांतली माणसे बोलत नाहीत. त्यांचे बोलणे अन्यत्र शोधावे लागते, आणि ते अन्यत्र म्हणजे त्यांच्याच भाषेत.

३

पिंजाऱ्याचे उदाहरण यासाठी विशेष उपयोगी आहे. अशा चित्रांत पिंजारी आढळतो तेव्हा त्याच्याजवळ माणसाच्या उंचीच्या जवळपास जाणारे एक लाकडी धनुष्य असते. त्याला एकच तात लावलेली असते, एका टोकाला रुंद फळी असते. कापूस नसलेल्या किंवा पुसट छापलेल्या चित्रात हे धनुष्य आजच्या पाहणाऱ्याला एखाद्या तंतुवाद्यासारखे वाटले तर नवल नाही. ते वाद्य नव्हे, ते पिंजण. जनावराच्या आतड्याची तात कापसाच्या ढिगाला भिडवायची आणि दोन्ही टोकांना गड्डे असलेल्या आखूड लाकडी दांड्याने तिच्यावर ठोका द्यायचा. तात थरथरते, तिच्या कंपनाने कापसाचे तंतू सुटे होतात, कचरा खाली पडतो. स्थिर चित्रात यातले काहीच दिसत नाही, कारण पिंजणाचे सारे काम त्या थरथरण्यात आहे.

तरीही वाद्याचा भास अगदीच निराधार नाही. गल्लीत शिरलेला पिंजारी तात वाजवून आपण आल्याची वर्दी देई. धनुष्य हे त्याचे हत्यार होते आणि हाकही होती. गाद्या-उशांचा कापूस पुन्हा पिंजून घ्यायचा असे ते घर त्या आवाजाने दार उघडी. चित्रातला पिंजारी मुका आहे, इतकेच नव्हे तर त्याच्या धंद्याचा अर्धा भाग असलेला आवाजही तेथे नाही. उत्तर हिंदुस्थानातील संत दादू दयाळ हे पिंजारी होते असे परंपरा मानते. कापूस मोकळा करणाऱ्या या कामाला भक्तिपरंपरेत स्थान मिळाले, ते दुरून पाहणाऱ्याच्या नजरेने नव्हे, ते काम ठाऊक असणाऱ्यांमुळे.

पिंजण रस्त्यावरून जवळजवळ गेले. यंत्राने कापूस पिंजणे सुरू झाले, फोमच्या गाद्या आल्या. मराठीत मात्र क्रियापद राहिले. पोलिसांनी परिसर पिंजून काढला, अभ्यासकाने दप्तर पिंजून काढले, असे रोज लिहिले जाते. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे धनुष्य नसते. त्या शब्दात जे आहे ते मात्र नेमके पिंजाऱ्याचेच आहे: दाबून बसलेले सुटे करणे, एकही तंतू न वगळणे, आणि कचरा वेगळा पाडणे. क्रियापदाने जे जपले ते छायाचित्राला जपता आले नाही. उलट धनुष्याची लांबी, तातेचा ताण आणि ते पेलणाऱ्या डाव्या खांद्याची ठेवण क्रियापदाला सांगता येत नाही. ती चित्रातच पाहावी लागते. दोहोंची गरज येथे स्पष्ट होते.

४

सोनाराचे चित्र यापेक्षा ओळखीचे वाटते आणि म्हणूनच अधिक फसवते. त्याच्यापुढे विस्तवाचे एक भांडे असते. मथळा लिहिणारा त्याला भट्टी म्हणतो, आजचा मराठी पाहणारा शेगडी म्हणेल. सोनार त्याला बागेसरी म्हणे. हा शब्द आज बहुतेकांच्या कानावरून जातो तो एकाच वाटेने, नरहरी सोनारांच्या अभंगातून. त्या अभंगात धंद्यातील सारी सामग्री एका ओळीने मांडलेली आहे: बागेसरी, मूस, फुंकणे, हातोडा, कातर, ताजवा. प्रत्येक साधनाला देहाचा, मनाचा किंवा विवेकाचा अर्थ दिलेला आहे. रूपक म्हणून हा अभंग शतकानुशतके गायिला गेला. त्याची दुसरी बाजू अशी की तो सोनाराच्या दुकानाची एक विश्वसनीय यादीही आहे, आणि कामाचा क्रमही त्यात आहे. विस्तव, मग वितळवणे, मग ठोकणे, मग कातरणे, शेवटी जोखणे.

छायाचित्रापुढे ही यादी ठेवली की चित्र वाचता येऊ लागते. सोनाराच्या बैठकीभोवती पसरलेल्या बारीकसारीक वस्तू विखुरलेल्या वाटतात, पण त्या हाताच्या पोचेनुसार आणि कामाच्या क्रमानुसार ठेवलेल्या असतात. तोंडाला लावलेली नळी ही हुक्क्याची नव्हे, ती फुंकणी. श्वासाच्या जोरावर ज्योत एका बिंदूवर आणणे हे तिचे काम. गालांचा ताण हाही तेव्हा कौशल्याचा भाग ठरतो. ताजव्याजवळ गुंजा दिसल्या तर त्या शोभेच्या नसून वजने आहेत.

सेना न्हाव्यांच्या अभंगातही आरसा आणि चिमटा अशीच अर्थवाही होऊन येतात. गोरा कुंभारांच्या कथेत संतांच्या डोक्यांवर फिरते ते थापटणे. कुंभाराच्या चित्रात पाहणाऱ्याचे लक्ष चाकाकडे जाते. बाजूला पडलेल्या लाकडी थापटण्याकडे कोणी पाहत नाही. वस्तुतः चाकावरून उतरलेल्या मडक्याला पोट येते ते थापटण्याने, आतून हाताचा आधार देऊन बाहेरून हलके ठोकत गेल्यामुळे. कच्चे आणि पक्के यांची परीक्षा करणारे साधन म्हणून ते कथेत आले, कारण ऐकणाऱ्या समाजाला त्याचा उपयोग ठाऊक होता. मराठी संतवाङ्मयाचा अभ्यास भक्तीच्या आणि तत्त्वज्ञानाच्या अंगाने पुष्कळ झाला आहे. कारागिरांच्या हत्यारांची आतून लिहिलेली नोंद म्हणूनही ते वाचले जायला हवे. परक्या छायाचित्रकाराने सोनाराचे चित्र काढण्याच्या कितीतरी आधी एका सोनाराने आपल्या हत्यारांविषयी लिहिले होते, ही गोष्ट लहान नाही.

५

बाजारातील धान्यविक्याच्या चित्रात हाच प्रश्न निराळ्या रूपात येतो. पुढे धान्याचे ढीग, शेजारी लाकडी किंवा धातूची मापे. वजनाच्या तराजूची सवय असलेल्या पाहणाऱ्याला ती भांडी वाटतात. मराठी मुलखात धान्य मुख्यतः मापाने दिले-घेतले जाई. चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली अशी त्यांची चढती उतरंड होती. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. एकाच नावाचे माप गावोगाव लहानमोठे असे, त्यामुळे चित्रातले माप कोणते हे आकारावरून सांगणे सोपे नाही.

पण चित्रात याहून महत्त्वाची एक गोष्ट पाहता येते. माप काठापर्यंत सपाट भरले आहे, की त्यावर धान्याचा निमुळता ढीग उभा आहे? काठाच्या वर राहणाऱ्या त्या ढिगाला शीग म्हणत. माप शिगोशीग द्यायचे की काठावर हात फिरवून सपाट द्यायचे, यावर घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा नफातोटा ठरे. सावकार धान्य देताना सपाट देई आणि वसूल करताना शिगेने घेई, अशी तक्रार ज्या समाजात होऊ शकते, त्या समाजात शीग ही केवळ मापाची बाब राहत नाही. तो सत्तेचा प्रश्न होतो. आज उत्कंठा शिगेला पोचते, वाद शिगेला पोचतो. ती शीग कोणाच्या मापावरची, हे कोणी विचारत नाही. मापात पाप ही म्हण मात्र त्या व्यवहाराची साक्ष अजून देते.

माप मोजतानाचा एक बोलही चित्राबाहेर राहिला आहे. पहिले माप टाकताना ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याची रीत होती. त्यात शुभेच्छा होती, आणि मोजणीकडे लक्ष द्या अशी सूचनाही होती. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने आणि पुढील काही वर्षांत टप्प्याटप्प्याने आलेल्या दशमान पद्धतीने ही मापे बाजारातून गेली. त्यामुळे फसवणुकीची एक जुनी वाट बंद झाली, हे नोंदवणे आवश्यक आहे. गाव तेथे निराळी पायली ही स्थिती ज्याला धान्य विकत घ्यावे लागे त्याच्या हिताची नव्हती. हत्यारे आणि मापे गेली म्हणून उसासा टाकण्यापूर्वी ती कोणाच्या बाजूने होती, हे पाहायला हवे.

६

चित्रातील काही साधने अशी आहेत की ती समोर असूनही साधने म्हणून दिसत नाहीत. त्यांतले पहिले म्हणजे पाय. सुतार जमिनीवर बसून लाकूड पायांच्या बोटांत धरतो आणि दोन्ही हातांनी वाकस किंवा पटाशी चालवतो. कल्हईवाला भांड्यात उभा राहून पायांनी ते गरगर घासतो, तेव्हा त्याचे सारे शरीरच घासणी झालेले असते. टेबलावर काम करण्याची सवय असलेल्या परक्या नजरेला जमिनीवरचे हे बसणे मागासलेपणाचे लक्षण वाटे. वस्तुतः पाय हा या कारागिराचा शेगडा होता, आणि तो घडवायला लहानपणापासूनची वर्षे लागत. जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवीत होते. त्यांनी १८७० च्या सुमारास उत्तरेकडील कारागिरांची जी रेखाटने केली, त्यांत बसण्याची ठेवण आणि हत्यारावरची पकड छायाचित्रापेक्षा अधिक नीट कळते. रेखाटणाऱ्याला कामाच्या हालचाली पुन्हा पुन्हा पाहून त्यांतला नेमका क्षण निवडता येतो. ओल्या काचेला ती सोय नव्हती.

दुसरे उदाहरण स्त्रियांच्या चित्रांचे आहे. कोळीण, भाजीवाली, कासारीण यांची चित्रे पुष्कळ आहेत, परंतु ती पोशाखाची आणि दागिन्यांची चित्रे म्हणून छापली गेली. पुरुषाच्या हातातील वस्तू हे हत्यार, आणि स्त्रीच्या डोक्यावरची वस्तू हा ओझ्याचा भाग, असा भेद त्यात गृहीत आहे. पाटीच्या खाली, केसांच्या वर, कापडाची किंवा गवताची वळून केलेली चुंबळ असते. चित्रात तिची जेमतेम कडा दिसते. पण चुंबळ नसेल तर पाटी तोलता येत नाही, दोन्ही हात मोकळे राहत नाहीत, मूल कडेवर घेता येत नाही. मासळीची पाटी घेऊन कोळणीने झपझप चालत बाजार गाठणे हे तिच्यावर अवलंबून असते. चुंबळीची गोष्ट कोणत्याही मथळ्यात येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी मुंबईच्या रस्त्यांवरील माणसांची जी चित्रे काढली, त्यांत रस्त्यावरच्या स्त्रीचे चालणे, थांबणे, घासाघीस करणे यांना जागा मिळाली. एस. एम. एडवर्ड्स यांच्या १९१२ च्या मुंबईवरील पुस्तकासाठीही त्यांनी चित्रे काढली. तेथेही नजर कधी कधी थट्टेची आहे. परंतु ती त्याच रस्त्यावर वावरणाऱ्या माणसाची नजर आहे.

७

येथवरच्या विवेचनावरून असे वाटण्याचा संभव आहे की हत्यारांची नावे परत मिळवली, क्रियापदे जोडली, म्हणजे चित्रातल्या माणसाला न्याय मिळाला. तसे नाही. हत्यार हे कौशल्याचे असते तसेच ते बंधनाचेही असते, आणि मराठी समाजात हे दोन्ही अर्थ वेगळे करणे सोपे नाही.

भिस्त्याची मसक आणि रेड्याच्या पाठीवरची पखाल घ्या. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये मुंबईला मिळू लागले, आणि घरोघरी कातड्याच्या पिशवीतून पाणी नेणाऱ्या माणसाची गरज पुढे हळूहळू कमी होत गेली. ‘आजार रेड्याला आणि औषध पखालीला’ ही म्हण सभांतून अजून ऐकू येते. पखाल काय ते वक्त्याला सांगता येईलच असे नाही. चित्रात पखाल दिसते, पाणी नेणारा दिसतो. दिसत नाही तो ते कातडे कमावणारा आणि शिवणारा. कातड्याच्या मोटेने ज्या विहिरीचे पाणी वर येई, त्या विहिरीला मोट शिवणाऱ्या हातांनी स्पर्श करायचा नाही, अशी ही व्यवस्था होती. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जो प्रश्न उभा राहिला, तो पखालीच्या चित्रात न दिसणाऱ्या या माणसाचाही होता. एखाद्या चित्रातील साधनाचा अर्थ पुरता लावायचा तर ते कोणी घडवले आणि त्याला त्यातून काय मिळाले, इथपर्यंत जावे लागते.

दुसरे साधन म्हणजे गावकामगार महाराच्या हातातील काठी. जातींच्या चित्रमालिकांच्या संकेतानुसार तीही ओळखीची खूण ठरते. सुताराच्या वाकसात किंवा सोनाराच्या फुंकणीत जे शिकलेले कौशल्य आहे, ते या काठीत नाही. तीत आहे ती कोणत्याही वेळी, कोणाच्याही हुकमाने निघण्याची सक्ती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथात बलुतेदारीची घडी आणि तिच्यातील बिघाड यांचे तपशीलवार वर्णन आहे. धंद्यांची आणि हक्कांची माहिती शोधणाऱ्याला त्यावाचून गत्यंतर नाही. परंतु तो ग्रंथ गावगाड्याकडे कारभार पाहणाऱ्याच्या जागेवरून पाहतो. त्या गाड्याखाली काय चिरडले जाते हे त्याच विषयाच्या दुसऱ्या टोकावरून दया पवार यांच्या ‘बलुतं’ने १९७८ साली सांगितले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनाविरुद्ध १९२० च्या दशकापासून लढा दिला, आणि कनिष्ठ गाववतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ मध्ये झाला. काठी हातातून खाली पडली ती काळाच्या ओघात विसरली गेली म्हणून नव्हे. ती टाकली गेली.

जुन्या छायाचित्रांच्या वाचनातील कळीचा भेद हाच आहे. पिंजण यंत्राने हिरावले, पायली कायद्याने गेली, काठी माणसांनी जाणूनबुजून टाकली. या तिन्ही गोष्टींना ‘विस्मरणात गेलेली साधने’ असे एकच नाव देणे म्हणजे तीन वेगळे इतिहास पुसून टाकणे होय. हळवेपणाने पाहणारी नजर हे करते, आणि जातीचे नाव तेवढे मथळ्यात लिहिणारी नजरही हेच करते. दोन्ही नजरांना हत्यार म्हणजे माणसाला चिकटलेली, त्याच्यासारखीच स्थिर वस्तू वाटते.

८

दिनकर गंगाधर केळकर यांनी पुण्यात जो संग्रह उभारला, त्यात दिवे, अडकित्ते, कुलपे, भांडी, वाद्ये अशा रोजच्या वापरातील वस्तूंना मानाचे स्थान मिळाले. हा संग्राहक ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारा होता, ही गोष्ट योगायोगाची मानण्याचे कारण नाही. वस्तूचे नाव, तिचा घाट आणि ती वापरणारा हात यांचा संबंध कवीला सहज जाणवतो. मात्र संग्रहालयात वस्तू असते आणि माणूस नसतो, जसा अल्बममध्ये माणूस असतो आणि नाव नसते. एका नोंदीची उणीव दुसरीने भरून काढण्याचे काम समीक्षेचे आहे.

यासाठी मराठीजवळ असलेली साधने मोठी आहेत. कोश आहेत, संतांचे अभंग आहेत, जात्यावरच्या ओव्या आहेत, म्हणी आणि वाक्प्रचार आहेत, गावगाड्याची वर्णने आहेत, आणि त्या वर्णनांना उत्तर देणारी दलित आत्मकथने आहेत. इतर भारतीय भाषांतही अशीच सामग्री विखुरलेली आहे. बंगाल, पंजाब, तमिळ प्रदेश येथील चित्रमालिकांतील कारागिरांनाही त्यांच्या त्यांच्या भाषांनीच नावे परत द्यायला हवीत. इंग्रजी मथळ्यांचे भाषांतर केल्याने ते होणार नाही, कारण मुळातच त्या मथळ्यांत ती नावे नव्हती.

अल्बमाच्या पानावर एक मनुष्य धनुष्य खांद्याला लावून बसला आहे. छायाचित्रकाराने त्याला हलू नकोस असे सांगितले असणार, आणि तो हललेला नाही. त्याच्या धंद्यात मात्र काही क्षण न हलणे म्हणजे काम न करणे. ते काम त्याला परत द्यायचे असेल तर चित्रावर ‘पिंजारी’ एवढे लिहून भागणार नाही. पिंजणे म्हणजे काय, ते कोणासाठी केले जाई, त्याची मजुरी काय मिळे, आणि ते सोडून त्याची मुले कोणत्या धंद्याला लागली, हे विचारणारा वाचक त्या चित्रापुढे उभा राहायला हवा.